काकांचं लोखंड, काकूंचं कालनिर्णय

अहो, ऐकलंत का? मागच्या बिल्डिंगच्या काकांनी शटर उघडलं! हो हो, तेच, जिन्यामागचं. या, जरा अलीकडे या कुंपणाशी. मोठ्यानं बोलायला नको, काकू गॅलरीत कपडे वाळत घालतायत आणि त्यांचे कान तुम्हाला माहीतच आहेत.

तर झालं काय, त्यांच्याही सोसायटीचं रिडेव्हलपमेंटचं ॲग्रीमेंट झालं एकदाचं. आपल्या टिळकनगरात आता कुणाचं व्हायचं राहिलंय म्हणा! दिवाळीआधी जागा रिकामी करून द्यायची. बिल्डर भाडं देतोय, पण भाड्याच्या दोन खोल्यांत माणसं मावतील, सायकली कुठे मावणार? मुलानं बाहेरूनच मोजल्या आणि म्हणाला, "बाबा, वीस सायकली आहेत." तर काका शांतपणे म्हणतात, "सायकली एकोणीस. ती विसावी अजून व्हायचीय. आणि पोत्यांत आहेत त्या वेगळ्या." पोरगा मटकन खालीच बसला हो पायरीवर.

काकांचा नाद काय आजचा आहे? वागळे इस्टेटला फिटर होते तेव्हापासूनचा. शुक्रवारी पहाटेची गाडी पकडून आधी चोर बाजार, मग उलटं ठाण्याला कामावर. डब्याच्या पिशवीत पोळीभाजीच्या खाली ब्रेकचा रॉड. काकू म्हणायच्या, यांच्या डब्याला ग्रीसचा वास येतो. लोक त्या बाजारातून झुंबरं आणतात, ग्रामोफोन आणतात, हे आणायचे डावा क्रँक. नुसता डावा! उजवा पुढच्या वर्षी मिळेल म्हणून...

हां, तर काय सांगत होते, शटर. गेल्या रविवारी मुलगा-सून घोडबंदरहून सकाळीच आले. सूनबाई हुशार, आयटीतली. तिनं परस्पर भंगारवाल्याला बोलावून ठेवलं होतं. तो आपला मोठा काटा खांद्यावर घेऊन हजर. सगळी बिल्डिंग जमली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी तर कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच गॅस बंद करून आल्या. भंगारवाल्यानं काटा टेकवला, पहिलीच फ्रेम उचलली, आणि काका स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत हो, बसल्या जागेवरून एवढंच म्हणाले, "ती जिथून उचललीस तिथे ठेव. काटा जिन्याबाहेर." बस्स. सूनबाईचा चेहरा असा काही उतरला! भंगारवाला बिचारा जुना माणूस, तो मुकाट्यानं बाहेर बिडी ओढत बसला.

मुलगा म्हणाला, "अहो बाबा, आजकाल सायकल चालवतं कोण?" झालं! काका सुरूच झाले. "1923 च्या ऑक्टोबरात मुंबईतून सहा पारशी पोरं सायकलवर निघाली. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा ही तिघं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून 1928 च्या मार्चमध्ये परत आली. वाळवंट तुडवलं, जंगलं तुडवली. आणि तू गाडीतून येतोस तर शिळफाट्याला दीड तास अडकतोस." मुलगा गप्प. वहिनी माझ्याकडे बघून पदराआड हसल्या.

मग काकूंनीच तोडगा काढला. जुन्या चादरी आणून अंगणात पसरल्या आणि म्हणाल्या, "एकेक वस्तू बाहेर काढा, नाव सांगा, चिठ्ठी लावा. नाव नाही सांगता आलं तर भंगारात." काकांना हे पटलं. अहो, काय तो थाट मांडला म्हणून सांगू, रुखवतच म्हणा ना! एका चादरीवर रिमा, एकीवर मडगार्डं, एकीवर घंट्या आणि डायनमो, लुकासचे दिवे, ब्रुक्सच्या चामड्याच्या सीटा. भाच्यानं एक सीट उचलून सरळ रॉकेलच्या डब्यात बुडवायला घेतली, गंज काढायचा म्हणून. काका ओरडले केवढ्यानं! लोखंड रॉकेलात, चामडं नाही. चामड्याला नुसतं कोरडं फडकं आणि नंतर हलका हात. दुसऱ्या एकानं हौसेनं काळ्या फ्रेमला सोनेरी स्प्रे मारायला घेतला होता, त्याच्या हातातून डबा काढूनच घेतला. म्हणे, कंपनीचा मूळ रंग आणि त्यावरची पट्टी उडाली की त्या सायकलीची किंमत गेली. ओरखडे असूदेत, रंग मूळचाच हवा.

आणि गंमत ऐका. सूनबाईनं रिमा बघितल्या नि म्हणाली, "यातल्या निम्म्या डिफेक्टिव्ह आहेत, भोकं कमी-जास्त आहेत." काका इतके खूश झाले हो! म्हणाले, "आता कशी नीट बघायला लागलीस. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस. भार मागे असतो ना, माणूस मागे, कॅरियर मागे, कॅरियरवर बायको मागे." सगळे हसले. तिनं मग खरंच भोकं मोजून दोन ढीग लावले. छर्रे सुद्धा तसेच, मागच्या चाकाला पाव इंची, एकेका बाजूला नऊ, पुढच्याला त्याहून बारीक, दहा-दहा. इडलीच्या साच्यात घालून वेगळे केले. काकूंचा जुना साचा, त्यांना न विचारता! त्याचं पुढे काय झालं ते मी सांगत नाही...

त्या भाच्यानं आणखी एक पराक्रम केला. डावं पेडल काढायला बसला. जोर लावतोय, लावतोय, लाल झाला, निघेना. काका गंमत बघत चहा पितायत. शेवटी म्हणतात, "तू काढत नाहीयेस, आवळतोयस. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो." जिममध्ये जातो हो तो रोज! चेहरा बघायचा होतात.

आता खरी बातमी. डी विंगवाले आले. तेच हो, परवा मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडले ते. अहो, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं की जुन्या इंग्लिश सायकलींना आता चांगला भाव आहे. लगेच मालक उगवले! पांढरा झब्बा घालून आले आणि एका रॅलेवर हात ठेवून म्हणाले, "ही आमच्या आजोबांची. बेचाळीसच्या चळवळीत याच सायकलवरून त्यांनी पत्रकं वाटली. तुमच्याकडे फक्त दुरुस्तीला दिली होती." सगळे चिडीचूप. आता बेचाळीसचं नाव काढल्यावर बोलणार कोण? काकांनी काही म्हटलं नाही. फडकं रॉकेलात भिजवलं, मागच्या चाकाचा मधला डबा पुसला. तीन गियरचा हो तो, स्टर्मी-आर्चरचा. त्यावर वर्ष ठोकलेलं असतं, तुम्हाला माहीतच असेल. नातवाला म्हणाले, "वाच." नातवानं खणखणीत आवाजात वाचलं, "52!"

अहो, तो झब्बा जागच्या जागी चुरगळला! पण काका माणूस मोठा. लगेच म्हणाले, "चाक नंतर बदललेलं असू शकतं. नुसत्या हबवरून सायकलीचं वय ठरत नाही, फ्रेमचा नंबर बघावा लागेल." डी विंगवाल्यांना जरा धीर आला. म्हणाले, "तेच तर, फ्रेम आजोबांचीच आहे." आणि काका फ्रेमचा नंबर पुसायला वाकले, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा."

आत गेल्या. आम्हाला वाटलं चहाचं बघायला गेल्या. तर बाहेर आल्या त्या साडीच्या काठानं बांधलेलं हे एवढं बाड घेऊन. काय असेल? कालनिर्णय! अहो 1973 साली निघालं ना कालनिर्णय, तेव्हापासूनची सगळी, वर्षाच्या वर्षाला गुंडाळी. आपण दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, कुणाचं बारसं असं मागे लिहितो तसं काकूंनी लिहिलंय. पण त्यात दर दोन-तीन महिन्यांनी एक ओळ सायकलीची. काकूंनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि एक महिना काढून डी विंगवाल्यांसमोर धरला. वहिनींनी मोठ्यानं वाचलं: "आज डी विंगवाले जुनी सायकल देऊन गेले. म्हणाले जागा अडते, घेऊन टाका, पैसे नकोत. आपण दोन डझन हापूस पाठवले. पेटीत चार नासके निघाले म्हणून त्यांच्या आईंनी परत निरोप पाठवला."

मी म्हणते, चार नासके आंबे सुद्धा लिहून ठेवले होते त्या माउलीनं! आता काय बोलणार? डी विंगवाले म्हणाले, "आईला आठवत असेल..." आणि निघाले. चहासुद्धा घेतला नाही. चपला उलट्या घातल्या होत्या, वहिनींनी बघितलं.

काका तर हवेतच होते. म्हणाले, "बघितलंत? माझी बायको!" पण थांबा, त्यांचीही पाळी यायची होती. मुलानं सहज विचारलं, "आई, बाबांनी ही हर्क्युलिस कितीला घेतली लिहिलंय का? बाबा म्हणतात पस्तीस रुपयांना." काकूंनी शांतपणे पान काढलं. "आज हे सायकल म्हणून दोन चाकं आणि एक दांडा घेऊन आले. मला सांगितलं पस्तीस. शर्ट धुताना खिशात चिठ्ठी मिळाली, सत्तर. बोलले नाही. दळण पुढच्या आठवड्यावर ढकललं." अहो, काकांचा कप बशीत वाजला! आणि मग पोरांना चेवच आला. ती बीएसए? त्यांनी सांगितलं साठ, खरे एकशे दहा. तो डायनमो? फुकट मिळाला म्हणाले, खरे अठरा. एकेक पान उलगडतंय आणि काका टोपी पुढे ओढतायत. शेवटी म्हणाले, "सगळं माहीत होतं तर बोलली का नाहीस?" काकू म्हणाल्या, "लिहिलं की." बस्स, एवढंच. मला तर बाई टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

पण खरी गंमत पुढेच. ज्या सूनबाईनं काटा बोलावला होता तिचा नूरच पालटला. ती कालनिर्णयं घेऊन पायरीवर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. कुठली सायकल कधी आली, कुणाकडून आली, कितीला, कुठला पार्ट नंतर बदलला, सगळं त्यात आहे. आणि शिव्या पण आहेत अधूनमधून, पण त्या सभ्य. तिनं सगळं एक्सेलमध्ये चढवलं. वस्तूला नंबर, चिठ्ठीवर तोच नंबर, आणि त्या महिन्याच्या पानाचा फोटो. काका म्हणे, "मला चाळीस वर्षं वाटत होतं ही आपल्यावर रागावून कोपऱ्यात काहीतरी खरडते." रागावूनच खरडत होत्या हो! पण उपयोग कुणाला झाला बघा. काकांना काय काय आठवतं, आणि सगळं स्वतःच्या सोयीचं. काकूंचं मात्र तारीखवार.

हे नौपाड्यापर्यंत पोचलं. कसं ते मला विचारू नका, आपल्याकडे बातमीला लोकल लागत नाही. तिथले एक गृहस्थ आले, जुन्या सायकलींचे शौकीन. सगळं फिरून बघितलं. चेनव्हीलवर हात फिरवून म्हणाले, "वा, बगळे!" रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याच्या मानांची नक्षी असते ना, ती. रॅलेला चांगला आकडा बोलले, आणि वर म्हणाले, "सोबत ते कालनिर्णयाचं पान पण द्या, मग आणखी वाढवतो." काकू म्हणाल्या, "सायकल न्या. पान मिळणार नाही. त्याच्या मागे माझ्या नणंदेच्या डोहाळजेवणाचा हिशेब आहे." त्या गृहस्थांचा चेहरा... असो. फोटो काढून नेला शेवटी.

तर काय सांगत होते, ढीग. तीन ढीग झाले. पहिला, चालत्या होतील अशा. त्यातली बावीस इंची हिरो पेपर टाकणाऱ्या पोराला दिली, तेल घालून, नवे ब्रेक रबर लावून. काका म्हणाले, सायकल उभी राहिली की मरते, हिला फिरू दे. नातवाला चोवीस इंचीवर बसवलं, पाय पोचेनात, तर काकांनी लंगडी शिकवली, मधल्या दांड्याखालून पाय घालून! अंगणात दोनदा पडला, आई ओरडली, आणि पोरगं म्हणतं अजून एकदा.

दुसरा ढीग, ठेवण्यासारख्या. त्यात एक हिंद आहे, वरळीच्या कारखान्यातली. तो कारखाना सरकारनं 1980 साली कायदा करून ताब्यात घेतला, आसनसोलच्या सेन-रॅलेबरोबर. आता दोन्ही नावं फक्त अशा अंगणात ऐकू येतात. एकीवर पुण्याच्या सायकल कराचा पितळी बिल्ला अजून आहे. दरवर्षी नवा बिल्ला लावायला लागायचा, नाहीतर पकडायचे, आमचे सासरे सांगायचे. ह्या ढिगाचं काय करायचं यावर जरा वाजलं. सूनबाई म्हणाली, "पुण्याला कर्वेनगरला विचारून बघूया ना." विक्रम पेंडश्यांचं ते सायकल म्युझियम हो, 2017 साली सुरू झालेलं, तीन मजली. काका एकदम तटकले. म्हणाले, "त्यांच्याकडे आहे सगळं." आता खरं कारण सांगू? तिथे ती बीएसएची पॅराट्रूपर आहे, दुसऱ्या महायुद्धातली, फुलपाखरी नट फिरवले की मधोमध दुमडते ती. विमानातून सैनिकांबरोबर खाली टाकायचे. काकांनी ती सायकल आयुष्यभर शोधली. चोर बाजारात एकदा नुसता दांडा मिळाला होता, तोही दुसऱ्याच सायकलीचा निघाला. आणि पुण्याच्या माणसाला अख्खी मिळाली! मग कसं बोलवेल? पण दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "विचारायला काय हरकत आहे. बघूनही येता येईल." सूनबाईनं लगेच तिकिटं बघायला घेतली. बघून यायचं आहे म्हणजे त्या पॅराट्रूपरला हात लावून यायचं आहे, एवढं आम्हाला न कळायला काय...

आणि तिसरा ढीग, भंगार. तुम्हाला वाटेल सगळ्यात मोठा तोच. पण नाही. गंजून भोकं पडलेली मडगार्डं, फाटके टायर, वाकलेल्या रिमा, एवढंच. काकांनी स्वतः भंगारवाल्याला बोलावलं, काटा आत घ्यायला सांगितला आणि त्याच्या पोराला एक घंटी फुकट दिली. तो म्हणाला, "काका, पहिल्या दिवशी मी सगळं नेलं असतं तर?" काका म्हणाले, "तर तुला कळलंही नसतं काय नेलंस." ते मात्र खरं. अहो, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली 3 जूनला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाला. शेवटचा कारखाना तो. आता त्याचा एखादा पार्ट हवा असेल तर कुणाच्या तरी माळ्यावरूनच निघायचा. हे काका सांगतात तेव्हा वहिनी सुद्धा मान डोलावतात, आणि वहिनींनी आयुष्यात सायकल चालवलेली नाही.

माझं म्हणाल तर मला यातून एकच कळलं. आपल्याकडे प्रत्येक घरात माळ्यावर काहीतरी आहे. कुणाच्या सायकली, कुणाचे रेडिओ, कुणाच्या शिवणयंत्राचे पाय. आपण काय करतो, माणूस असेपर्यंत म्हणतो "नंतर बघू", आणि नंतर एका रविवारी काटा येतो. तेव्हा ते लोखंड असतं, दुसरं काही नाही. माणूस स्टुलावर बसून नाव सांगतोय तोवर चिठ्ठ्या लावून घ्या. आणि त्याच्या बायकोला आधी विचारा. ती जास्त खरं सांगेल.

हां, आणि महत्त्वाचं राहिलंच बघा, ज्यासाठी मी तुम्हाला हाक मारली. ती विसावी सायकल आहे ना, अजून व्हायची असलेली? तिला रॅलेचं ते बगळ्यांचं चेनव्हील हवंय. नौपाडेवाल्यांनी जी नेली तिच्यावरचं काकांनी द्यायला नको होतं, पण पैसे घेतलेले. तर तुमच्या माळ्यावर, तुमच्या जावेकडे कल्याणला, कुठेही असलं काही पडलेलं असेल तर किलोवर घालू नका. शनिवारपर्यंत सांगा. रविवारी आपल्या गल्लीत पुन्हा काटा येणार आहे.